विश्लेषण : दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्या ट्रकचालकांची हालचाल वाढणार कशी?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून माल नेणारा ट्रकचालक दिवसाचे कित्येक तास एकाच आसनावर बसून असतो. ‘रोज व्यायाम करा’ हा सल्ला त्यालाही मिळतो. पण तो व्यायाम कधी करायचा, कुठे करायचा आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

वसई-विरारशी याचा संबंध काय?

राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे पूर्वीचा ८ क्रमांकाचा महामार्ग, वर्सोवा पूल ओलांडल्यावर वसई-विरारच्या पूर्व भागातून खानिवडे टोलनाक्याकडे जातो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांचा माल याच रस्त्यावर येतो. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीच्या गोदामांकडे जाणारी अवजड वाहनेही येथूनच वळतात. वाहतूक कोंडी, मुंबई-ठाण्यातील गर्दीच्या वेळची अवजड वाहनांना असलेली बंदी आणि गोदामाबाहेरची रांग यांमुळे ट्रक अनेकदा तासन्तास थांबून राहतो. चाके थांबली तरी चालक केबिनमध्येच बसलेला असतो.

ट्रक चालवणे हे अंगमेहनतीचे काम नाही का?

थकवणारे आहे, पण त्यात शरीराची हालचाल फारशी होत नाही. माल चढवण्या-उतरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी हमाल किंवा माथाडी कामगार करतात. चालकाच्या वाट्याला बसणे, गाडीचे हादरे, सततचे लक्ष आणि अपुरी झोप येते. याच्या जोडीला ढाब्यावरचे तेलकट जेवण, गोड चहा आणि तंबाखू असला, की वजन, रक्तदाब आणि साखर वाढायला वेळ लागत नाही. पाठदुखी आणि पायांना सूज या तक्रारीही ठरलेल्या.

बसून काम करणे आणि हृदयविकार यांचा संबंध जुनाच आहे. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिन्याने वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. झपझप चालणे यात धरले जाते. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही हवा. पूर्वी सलग १० मिनिटे केलेलीच हालचाल मोजावी, असे सांगितले जाई. ती अट आता काढली आहे. चालकांसाठी हे महत्त्वाचे, कारण १५० मिनिटे म्हणजे दिवसाला सुमारे २२ मिनिटे, आणि ती सात-आठ मिनिटांच्या तीन थांब्यांत बसू शकतात.

मग अडते कुठे?

बऱ्याच चालकांचे उत्पन्न फेरीवर ठरते, त्यामुळे थांबणे म्हणजे नुकसान. ट्रक सोडून लांब गेले तर डिझेल किंवा माल चोरीला जाण्याची भीती असते. महामार्गालगत चालायला सुरक्षित जागा नसते. स्वच्छ शौचालय मिळत नाही म्हणून अनेक जण पाणीही कमी पितात. अशा स्थितीत हालचाल न होण्याला आळस म्हणता येणार नाही.

थांब्यावर काय करता येईल?

पेट्रोल पंप, ढाब्याचे आवार किंवा गोदामाचा वाहनतळ येथेच हे करावे. महामार्गाच्या कडेला ट्रकभोवती फिरणे धोक्याचे आहे.

• टायर ठोकून हवा पाहणे, ताडपत्री, दोर आणि दिवे तपासणे ही कामे चालक करतोच. त्याला जोडून ट्रकभोवती आठ-दहा फेऱ्या झपझप माराव्यात. ट्रक नजरेआड होत नाही.
• बंपरला किंवा केबिनच्या बाजूला हात टेकून उभ्याने जोर काढावेत. दार किंवा दांडा धरून अर्ध्या बैठका माराव्यात.
• ट्रक बंद असताना केबिनमध्ये टाचा-चवडे उचलणे, खांदे फिरवणे, मान हळूहळू वळवणे शक्य आहे. धावत्या गाडीत यातले काहीही करू नये.
• केबिनमधून उडी न मारता पायऱ्यांवरून, दांडा धरून उतरावे. बराच वेळ बसल्यावर लगेच जड ओझे उचलू नये.

छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप लागणे असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यांवर झोप असेल तर व्यायाम नव्हे, झोपच हवी.

असे प्रयोग यशस्वी झाले आहेत का?

ब्रिटनमध्ये ‘शिफ्ट’ नावाच्या कार्यक्रमात चालकांना आरोग्यविषयक माहिती, पावले मोजणारे घड्याळ, केबिनमध्ये वापरता येतील अशी व्यायामाची साधने आणि चालण्याची आव्हाने देण्यात आली. सहा महिन्यांनी या चालकांची पावले इतरांपेक्षा दिवसाला सुमारे १,००० ने जास्त होती. पुढे मात्र हा फरक टिकला नाही. एकदाचे शिबिर घेऊन भागत नाही, हा त्याचा धडा.

मालक आणि यंत्रणांनी काय करावे?

पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, ही तरतूद १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यातच करण्यात आली होती. ती पाळायची तर फेरीचा वेळ ठरवतानाच थांबा धरावा लागतो. गोदामांनी चालकाला रांगेतला क्रमांक आणि अंदाजे वेळ सांगितली, आवारात सावली, पाणी, शौचालय आणि चालायला आखलेली पट्टी दिली, तर वाया जाणारा वेळ कारणी लागेल. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने झोपण्या-आंघोळीची सोय केली आहे. तशा जागा याला सोयीच्या आहेत.

नव्याने तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक आहे. त्याने उकाडा कमी होईल. पण चालकाला खाली उतरून चालायचे असेल, तर त्याला थांबण्याची मुभा आणि सुरक्षित जागा दोन्ही मिळायला हव्यात.