शालेय उत्तरदायित्व आणि स्थानिक प्राधिकरण : कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २१-अ समाविष्ट झाले. त्यास अनुसरून संसदेने संमत केलेला शिक्षण हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०११ मध्ये केले. कायदा केंद्राचा, नियम राज्याचे आणि दैनंदिन जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची, अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. तिच्यातील शेवटच्या स्तराचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
शाळेने शासनास हिशेब द्यावा ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात हे अनुदान परीक्षेच्या निकालाशी जोडण्यात आले. त्यामुळे तपासणीचा दिवस हाच शाळेच्या वर्षाचा केंद्रबिंदू ठरला. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला, तर १९४७ च्या कायद्याने त्यावरील राज्याचे नियंत्रण वाढले.

अधिनियमाचे वेगळेपण :
अमेरिकेत २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या संघीय कायद्याने वार्षिक चाचण्यांचे गुण हा उत्तरदायित्वाचा निकष मानला. २०१५ मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. भारतीय अधिनियमाने मात्र प्रवेश, भौतिक सुविधा आणि शिक्षकसंख्या यांवर भर दिला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण ठरविण्याची मुभा राज्यांना मिळाली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तथापि सर्वांत दूरगामी तरतूद कलम ९ ची आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळवून देणे, ही कर्तव्ये या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर सोपविली. म्हणजेच हिशेब केवळ पटावरील नावांचा नसून वस्तीतील मुलांचा आहे.

अंमलबजावणीचे स्वरूप :
प्रत्यक्षात ठळक झाल्या त्या दोन मोहिमा. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी झाली. पटावर असून वर्गात नसलेली मुले तिने शोधली. ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. पटावरच नसलेली मुले त्याने शोधली. दोन्ही मोहिमांचा हेतू रास्त होता. परंतु दोहोंची पद्धत जुन्या तपासणीच्या दिवसाचीच होती.

कल्याण परिसरात या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. येथील वीटभट्ट्यांचा हंगाम साधारणतः दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपतो. जुलै वा ऑक्टोबरच्या आरंभी मोजणी झाली, तर भट्टीवरील मूल आपल्या गावी असते आणि तेथील पटावर त्याचे नावही असू शकते. जानेवारीत मात्र ते भट्टीवर असते व मोजणारा कोणी नसतो. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या. मूल जेथे आहे तेथे शाळा नेण्याचा हा प्रयत्न कायद्याच्या कितीतरी आधीचा होता.

हद्दीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतून २००२ मध्ये २७ गावे वगळली गेली व २०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली. हद्द बदलली की बालकांच्या नोंदीचे दायित्वही एका प्राधिकरणाकडून दुसऱ्याकडे जाते.

निष्कर्ष :
निकालावर आधारित अनुदानापासून पटपडताळणीपर्यंत निकष बदलले. तथापि ठरावीक दिवशी हिशेब घेण्याची सवय कायम राहिली. कलम ९ ला अभिप्रेत असलेली नोंद वर्षभराची आहे. ती हंगामानुसार आणि हद्दीपलीकडे मुलाबरोबर गेली, तरच केंद्राने दिलेला हक्क भट्टीपर्यंत पोहोचेल.