नगराध्यक्षाची निवड : खानदेशातील नगरसंस्थांच्या संदर्भात

गिरणाकाठच्या भडगावसारख्या लहान नगरात नगराध्यक्ष मतदारांनी निवडावा की नगरसेवकांनी, हा प्रश्न वरकरणी केवळ कार्यपद्धतीचा वाटतो. वस्तुतः नगरसंस्थेतील सत्तेचे मूळ कोठे आहे, हाच त्यातील खरा वाद होय. महाराष्ट्रात त्याचे उत्तर अर्धशतकात अनेकदा बदलले. आणि प्रत्येक वेळी ते नगराच्या सभागृहात नव्हे, तर मुंबईत ठरले.

या परावलंबनाचा उगम जुना आहे. इ. स. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात नगरसंस्था स्थापन होऊ लागल्या. खानदेशात धुळे, जळगाव आदी ठिकाणी त्या १८६० नंतरच्या दशकात आल्या. त्यांचे सभासद प्रायः सरकारनियुक्त असत आणि कारभारावर जिल्हाधिकाऱ्याची छाया असे. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या ठरावात बिनसरकारी सभासदांचे बहुमत, निवडणुकीचे तत्त्व आणि शक्य तेथे बिनसरकारी अध्यक्ष यांचा पुरस्कार झाला. त्यास अनुसरून मुंबई इलाख्याने १८८४ मध्ये कायदा केला. पुढे १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने त्या व्यवस्थेची नव्याने मांडणी केली. तथापि अध्यक्ष निवडण्याचा अधिकार सभासदांना द्यावा की नाही, हे सरकारच्याच मर्जीवर राहिले. अध्यक्ष स्वतः निवडता यावा, ही त्या काळातील नगरांची आकांक्षा होती. त्याला थेट मतदारांनी निवडावे, ही कल्पना त्या वेळच्या वादात फारशी आढळत नाही, आणि ते स्वाभाविकच होते. इंग्लंडच्या १८३५ च्या नगरसंस्था कायद्यात महापौराची निवड सभासदांकडेच होती. येथील सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर तोच नमुना होता. खुद्द लंडनने आपला महापौर थेट मताने निवडला तो इ. स. २००० मध्ये.

स्वातंत्र्यानंतर मतदानाचा अधिकार सर्व प्रौढांस मिळाला. मुंबई, विदर्भ व मराठवाडा या विभागांतील भिन्न कायद्यांच्या जागी महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ आला. त्यात अध्यक्षाची निवड प्रारंभी सभासदांकडेच होती. १९७४ च्या निवडणुकांत ती प्रथमच थेट मतदारांकडे गेली. पुढे ही तरतूद मागे घेण्यात आली. २००१ मध्ये थेट पद्धत पुन्हा आली, २००६ मध्ये गेली; २०१६ मध्ये परतली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये तिसऱ्यांदा परतली. २०१६, २०२० आणि २०२२ या तीन बदलांचा क्रम सत्तांतराशी तंतोतंत जुळतो, हे अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. ज्या पक्षाला शहरांत एकच परिचित चेहरा उभा करणे सोयीचे, त्याला थेट निवडणूक लोकशाहीची पूर्तता वाटते. ज्याची शक्ती प्रभागाप्रभागांतील कार्यकर्त्यांत आहे, त्याला तीच पद्धत सभागृहाचा अवमान वाटते.

म्हणून दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पोकळ ठरत नाहीत. अप्रत्यक्ष निवडीत चारदोन नगरसेवक फुटले की अध्यक्ष बदलतो. निवडीच्या आधी नगरसेवकांना सहलीला नेऊन ठेवण्याची रीत मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पक्षांतरास आळा घालण्यासाठी स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ करावा लागला, यावरूनच रोगाची व्याप्ती कळते. थेट निवडलेला अध्यक्ष या सौद्यांतून बराचसा मुक्त असतो. पण त्याची अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. अंदाजपत्रक, कामांच्या मंजुऱ्या, विषय समित्या यांसाठी सभागृहाचे बहुमत लागतेच; आणि ते विरुद्ध गटाचे असेल तर पाणीपुरवठ्याचा साधा विषयही तहकूब होत राहतो. मतदाराने अध्यक्ष एका पक्षाचा आणि प्रभागातील सदस्य दुसऱ्याचा निवडावा, यात विसंगती नाही. दोन्ही निवडींमागील त्याची कारणे निराळी असतात. भडगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४० हजारांच्या आत होती. एवढ्या नगरात मतदार उमेदवाराला नावाने, घराण्याने आणि भाऊबंदकीने ओळखतो. तेथे मत पक्षाला पडले की माणसाला, हे सांगणे मोठ्या शहरापेक्षा कठीण.

सभागृहाचे स्थान यातून स्पष्ट होते. नगरपरिषदेला या विषयावर चर्चा करता येते, ठराव करून शासनाकडे पाठविता येतो. अधिनियमातील एक शब्दही बदलता येत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपरिषदांना घटनात्मक स्थान लाभले. परंतु अध्यक्ष कोणत्या रीतीने निवडावा, हे त्या दुरुस्तीने राज्याच्या विधिमंडळावरच सोपविले. महाराष्ट्रातील पद्धत इतक्यांदा बदलू शकली, ती या तरतुदीच्या आधारेच.

२०१६ प्रमाणे डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांतही द्विसदस्यीय प्रभागातील मतदाराने तीन मते दिली : दोन प्रभागासाठी, एक नगराध्यक्षासाठी. २०२० ची दुरुस्ती टिकली असती, तर त्यांतील तिसरे मत त्याला मिळाले नसते.