फॉन्ट : ओतलेला शब्द

‘फॉन्ट बदलून बघ’ असं आपण सहज म्हणतो, पण या शब्दाच्या पोटात वितळलेलं शिसं आहे. फ्रेंचमध्ये ‘फोंद्र’ म्हणजे वितळवणं आणि ‘फोंत’ म्हणजे ओतीव काम. (चीज वितळवून खातात ते फोंद्यू याच घराण्यातलं.) छपाईसाठी पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतायचा. शिसं एकटं मऊ पडतं; अँटिमनीमुळे अक्षर टणक होतं. एका मापाच्या, एका वळणाच्या अशा अक्षरांचा संच म्हणजे फॉन्ट.

आपल्या छापखान्यांनी त्या अक्षराला चक्क ‘खिळा’ म्हटलं, आणि खिळे जुळवणारा तो जुळारी. मला हा शब्द फॉन्टपेक्षा जास्त आवडतो, कारण तो हातात धरता येतो. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तो आधी खिळे ओतण्याच्या धंद्यात जम बसवूनच. देवनागरीचे खिळे पाडणं सोपं नव्हतं: वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरांची फौज.

पुढे टंकलेखनाबरोबर ‘टंक’ रूढ झाला. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी आणि छाप मारलेलं नाणंही. पाथरवटाची टाकी आणि सरकारी टांकसाळ त्याच कुळातली.

संगणकावरचा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. त्यासाठी काहीच वितळवावं लागलं नाही.