नऊ आणि आठ अकरा

चपला दाराबाहेरच काढा. तिथे आधीच ढीग पडलाय, त्यामुळे निघताना डावी-उजवी एकाच जोडाची मिळेल याची हमी नाही. महिना एप्रिलचा, साल १९९० च्या आगेमागे, आणि तुम्ही तालुक्याच्या गावच्या एका पॉलिटेक्निकच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये शिरताय. वय एकोणीस. शर्ट पाठीला चिकटलाय. छताचा पंखा कुरकुरतोय, पण वारा फक्त त्याच्या बरोब्बर खाली, आणि ती जागा लॅबच्या मामांनी स्टूल टाकून कधीच धरलीय. हवेत सोल्डरिंगच्या रोझिनचा वास, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास आणि तीस मुलांच्या घामाचा. दुपारी बाहेरचे परीक्षक यायचेत. सकाळी सराव.

एका किटवर चौघं. तुम्ही दोन कोपरं मारून पुढे घुसा, नाहीतर दिवसभर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत बसाल. लाकडी पेटीत हिरवा सर्किट बोर्ड, त्यावर चाळीस पायांची काळी चिप: इंटेलची ८०८५. कीबोर्ड म्हणावा तर बटणं दोन डझनांच्या आसपास. शून्य ते नऊ, मग ए ते एफ, आणि वर रिसेट, नेक्स्ट, गो वगैरे. नेक्स्टवरची अक्षरं बोटांनी पार पुसून गेलीत. पडदा नाहीच. सहा लाल आकड्यांची खिडकी आहे, चार घरं पत्त्याची, दोन त्या पत्त्यावरच्या मालाची. एवढ्यावर भागवायचं.

एक जण जर्नलमधून मोठ्यानं वाचतोय, तुम्ही दाबताय. "थ्री ई. नेक्स्ट. झिरो फाइव्ह. नेक्स्ट. झिरो सिक्स. झिरो थ्री. एट झिरो..." बाजूच्या किटवरही असंच पारायण चाललंय आणि त्यांचे आकडे तुमच्या कानात घुसतात. ओरडून सांगा त्यांना हळू वाचायला. ते ऐकणार नाहीत. नऊ घरं भरली की कार्यक्रम झाला: चिपमधल्या ए नावाच्या कप्प्यात पाच ठेव, बी मध्ये तीन ठेव, बेरीज कर, २०५० या पत्त्यावर लिही, थांब. पत्ता मात्र उलटा टाकायचा, आधी ५०, मग २०. इंटेलची रीत. गो दाबा, रिसेट दाबा, २०५० उघडा.

०८. टाळी द्या एकमेकांना!

मग कुणाला तरी सुचतं, मोठे आकडे घेऊ. नऊ आणि आठ. खिडकीत येतं ११.

"किट खराब आहे." "तूच खराब आहेस, परत टाक." परत ११. मामा स्टुलावरून न उठता म्हणतात, "पोरांनो, पट्टी लावा की पोर्टला." कपाटातून आठ एलईडींची पट्टी येते, चपटी केबल लागते, उत्तर पोर्टवर सोडलं जातं. आठांतले दोनच दिवे पेटतात, डावीकडून चौथा आणि आठवा.

इथे जरा वाका. नाक बोर्डापाशी न्या, गरम वाफ लागेल. या यंत्राला नऊही माहीत नाहीत नि आठही. एकेका तारेवर साधारण पाच व्होल्ट तरी असतात, नाहीतर शून्याच्या आसपास, एवढंच. आठ तारा, म्हणजे दिव्यांच्या २५६ तऱ्हा. उजव्या टोकाचा दिवा एकाचा, त्याच्या डावीकडचा दोनाचा, मग चार, आठ, सोळा असं दुपटीनं चढत जायचं. पेटलेत सोळाचा आणि एकाचा. झाले की सतरा! उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं.

मग खिडकीत ११ का? कारण ती आठ दिवे अर्धे अर्धे करून वाचते. वाण्याकडे ८, ४, २ आणि १ किलो अशी चारच वजनं असली तरी शून्यापासून पंधरा किलोपर्यंत काहीही तोलता येतं. चार दिव्यांचं तसंच. सोळा तऱ्हा, म्हणून सोळा अंक. नवाच्या पुढे अंक संपले म्हणून अक्षरं उसनी घेतली, दहाला ए, पंधराला एफ. चार दिव्यांना एक अंक, आठांना दोन, मधे हातचा नाही की भागाकार नाही. आपल्या दशमानात ही सोय नाही, म्हणून या लॅबमध्ये सतरा कुणी सतरा म्हणून लिहीत नाही.

खिडकीतली अक्षरं मात्र बघाच. सात रेघांत मोठा बी काढला तर तो आठ दिसतो, मोठा डी काढला तर शून्य. म्हणून ए, सी, ई, एफ ऐटीत मोठे आणि बी, डी तेवढे इंग्रजी छोट्या लिपीतले. सहा आणि बी यांच्यात तर वरच्या एका रेघेचाच फरक. ती रेघ जळालेल्या किटवर बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

आणि लाइट जाते.

लॅबभर एकच "हेऽऽ" उठतो. पंखा थांबतो, तीसही चेहरे एकदम ओले. पाच मिनिटांनी वीज येते, पण तुमचा कार्यक्रम गेला तो गेला. पुन्हा पारायण, आता घाईत. २०५० उघडता तर आत डी१. पाच आणि तीन डी१?

बोट ठेवून एकेक घर तपासा. ०५ टाकायचाच राहिलाय. म्हणजे सगळी रांग एका घरानं पुढे सरकली. यंत्रानं ३ई वाचलं, पुढचं घर हा आकडा समजलं आणि तिथे होतं ०६. वास्तविक ०६ ही सूचना, "बी मध्ये ठेव" अशी. तिचा झाला आकडा. मग आला तुमचा ०३, बिचारा साधा तीन, आणि त्याची झाली सूचना: बी-सी जोडी एकानं वाढव. बी मध्ये वीज आल्यावर जे काही होतं त्यात सहा मिळवून यंत्रानं इमानेइतबारे डी१ लिहून ठेवलं. त्याला शंका आली नाही, तक्रार करायची सोयही नाही. दिवे तेच, तऱ्हा तीच. हुकूम कुठला आणि माल कुठला हे फक्त पाळी ठरवते.

दुपारी परीक्षक येतात. सफारी सूट, कपाळावर घाम, समोर सरबताचा ग्लास.

"३ई म्हणजे काय?"

"सर, सूचना म्हणून आला तर एमव्हीआय ए, म्हणजे 'ए मध्ये ठेव'. आकडा म्हणून आला तर ६२."

"अक्षर म्हणून आला तर?"

तुम्ही छताकडे बघता. आस्कीच्या तक्त्यात ते 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आहे, पण हे तुम्हाला जिन्यात आठवणार.

"बरं, एफएफ?"

"२५५, सर."

"आणि?"

मागून कुणीतरी खोकतं. "...उणे एक, सर. शून्यातून एक वजा केला की आठही दिवे पेटतात."

ते मान हलवतात, ग्लास ठेवतात, यादीत तुमच्या नावापुढे काहीतरी लिहितात. तुम्ही उठता उठता मान वाकडी करून बघता. २५ पैकी ११.

लॅबमध्येच लिहिलेत म्हणजे सोळाच्या हिशेबातले असतील, असं चपला शोधताना मित्राला सांगा.