राष्ट्र सेवा दल कलापथक

राष्ट्र सेवा दलाचे (स्थापना १९४१) सांस्कृतिक अंग. पोवाडे, समूहगीते, नृत्यनाट्ये आणि लोकनाट्ये यांतून जातिभेद निर्मूलन, धार्मिक सलोखा आणि श्रमप्रतिष्ठा हे विषय त्याने गावोगावी मांडले. वसंत बापट यांच्यासारखे कवी त्याच्याशी जोडलेले होते, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य त्याच्या रंगमंचावर गाजले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. त्याआधीच्या त्यांच्या महाराष्ट्र दौऱ्यात कलापथक सोबत होते. मंदिर खुले झाले ते गाण्यांमुळे, असे म्हणता येणार नाही. पण उपोषणाआधी लोकमत तयार करण्यात गाण्यांचा वाटा होता.

कलापथकाचे खरे काम संदेशापेक्षा त्याच्या घडणीत दिसते. वेगवेगळ्या जातींची मुले-मुली एकत्र तालीम करत, एकाच पंगतीत जेवत, एकाच मंचावर नाचत. त्या काळच्या गावाला संहितेआधी हे दृश्यच पुरेसे बोलके होते. प्रचाराने कला उथळ होते, हा आक्षेप काही गीतांना लागूही पडतो. मात्र ज्या पथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे नट पुढे आले, तिथे अभिनयाची कसोटी सैल असावी हे पटत नाही. प्रेक्षक केवळ हसायला येत, अशीही तक्रार होते. पण ते हसणे निरुपद्रवी नव्हते. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पाटलाची फिरकी घेई. तीच मुभा वापरून इथे पुढाऱ्याची खोड काढली जाई, आणि ज्याच्यावर विनोद बेतला आहे तो पुढारी बहुधा पहिल्याच रांगेत बसलेला असे.