कुंपणापलीकडची शतावरी

मद्रासच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे खाडीच्या रूपाने बंगालच्या उपसागरास मिळते, त्या एन्नोर गावाची कथा बहुधा मीठ, मासळी आणि कालवा या तीन शब्दांत आटोपली जाते. पुढे त्यात औष्णिक वीजकेंद्राच्या राखेची आणि बंदराच्या धक्क्यांची भर पडली, एवढेच. परंतु खाऱ्या वाऱ्याशी झगडत कोरोमंडलच्या वालुकामय किनाऱ्यावर जी खुरटी, सदाहरित, काटेरी झाडी एके काळी तुटक तुटक का होईना पण दूरवर पसरली होती, तिच्या आश्रयाने वाढणाऱ्या एका वेलीची, आणि समुद्रापलीकडून येऊन बंगल्याच्या व्हरांड्यात मानाचे स्थान पटकावून बसलेल्या तिच्याच भाऊबंदांची हकीकत मला या तिन्हींहून अधिक मनोरंजक वाटते.

ती वेल म्हणजे आपली शतावरी. मुळ्यांच्या संख्येवर नजर ठेवून संस्कृताने तिला शतमूली म्हटले; तमिळ माणसाने त्याच मुळ्यांतील पाण्याकडे पाहून तिला ‘तण्णीर्विट्टान किळंगु’, म्हणजे पाणी सोडणारा कंद, असे नाव दिले. वर्षातील बहुतेक पाऊस आश्विन-कार्तिकाच्या मागेपुढे ईशान्येकडून कोसळतो आणि उरलेले महिने वाळू तापत राहते, अशा मुलखात तमिळ नावच अधिक मर्मज्ञ म्हणावे लागेल. चात्यासारख्या दोन्हीकडे निमुळत्या, मांसल मुळ्यांच्या जुडग्यात ही वनस्पती आपली पाण्याची बेगमी करून ठेवते, आणि वरचा भाग करपला तरी पहिल्या सरीबरोबर नवे कोंब वर धाडते. याच कोवळ्या कोंबांची भाजी आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडी रानाजवळच्या वस्त्यांतून होते.

या कुळाची एक लबाडी प्रथमच सांगून टाकली पाहिजे. ज्याला आपण तिचे पान म्हणतो, ते पान नव्हेच. खरे पान एखाद्या क्षुद्र खवल्याएवढे उरलेले असते, आणि पुष्कळ जातींत त्याचा बुंधा कठीण होऊन त्याचाच काटा बनतो. हिरव्या सुया किंवा तंतू म्हणून जे दिसतात, त्या वस्तुतः अत्यंत बारीक झालेल्या शाखा होत, आणि पानाचे सारे कामकाज त्यांच्याकडे मक्त्याने सोपविलेले असते. त्या तंतुमय शोभेला भुलून लोक या झुडपांना सर्रास ‘फर्न’ म्हणतात. नेच्याला फूल नसते, बी नसते. शतावरीच्या कुळास दोन्ही असतात, म्हणून हे नामकरण शास्त्रदृष्ट्या अगदीच निराधार आहे. पण बाजाराने शास्त्राला विचारून नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही.

या किनाऱ्यावरील औषधांच्या देवघेवीत मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा एक प्रसंग आहे. १६७७ च्या मे महिन्यात, कर्नाटकाच्या मोहिमेच्या काळात, शिवाजीमहाराजांचा खलिता घेऊन एक ब्राह्मण मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यावर गेला. मागणी होती हृदयास उत्तेजन देणाऱ्या औषधी खड्यांची आणि विषावरील उताऱ्यांची. असल्या किरकोळ जिनसांचे मोल काय घ्यावयाचे, असा व्यवहारी विचार करून इंग्रजांनी त्या वस्तू, आपल्या बागेतील फळांसह, नजर म्हणून पाठविल्या, आणि ही नोंद त्यांच्या दप्तरात राहिली. मात्र थोड्याच वर्षांत देवघेवीची दिशा उलटली. त्याच किल्ल्यावरील शल्यवैद्य सॅम्युएल ब्राउन १६९० नंतरच्या दशकात आसपासच्या रानातील वनस्पती, त्यांची तमिळ नावे व उपयोग यांसह, लंडनला धाडू लागला. पुढे तंजावरच्या सरफोजीराजांनी, ज्यांचे काही शिक्षण मद्रासमध्येच झाले होते, धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी बसविले. थोडक्यात, रानाकडे पाहणाऱ्या सर्वांची दृष्टी वैद्याची होती.

बागवानाची दृष्टी मागाहून आली. १८३५ मध्ये, रॉबर्ट वाइट याच्या पुढाकाराने, मद्रासची कृषि-उद्यान संस्था स्थापन झाली. ह्यू क्लेगहॉर्नने १८५३ मध्ये तिच्या बागेतील वनस्पतींची सूची छापली. १८७५ मध्ये जॉन गिल्बर्ट बेकर याने लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात शतावरीच्या परिवाराचा विस्तृत आढावा घेतला, आणि दक्षिण आफ्रिकेतील पिसासारखी नाजूक जाती ‘प्लुमोसस’ या नावाने नोंदविली. नेपल्सला राहणाऱ्या कार्ल श्प्रेंगर या जर्मन बागवानाचे नाव दुसऱ्या, कुंडीच्या काठावरून झुलणाऱ्या जातीस लाभले. तिसरी खरोखरीची झुडूपवजा: केप वसाहतीतील पीटर मॅकओवन याच्या नावाची ‘मॅकओवनी’, करड्या, वेड्यावाकड्या खोडाची, पुरुषभर वाढणारी, आणि सुयांचे लहान लहान गोंडे फांदीभर मिरविणारी. साहेबी हवेल्यांच्या व्हरांड्यांतून ही मंडळी थाटात बसली, आणि साहेब गेल्यावर लग्नमंडपातील गुच्छांत उतरली.

इकडे एन्नोरला काय चालले होते? बेझिल कोक्रेन या व्यापाऱ्याने १८०६ मध्ये मद्रासपासून येथवर सुमारे अकरा मैलांचा कालवा आणला. पुढे तो उत्तरेस वाढत गेला, आणि १८७७-७८ च्या दुष्काळी कामांनंतर बकिंगहॅमच्या ड्यूकचे, म्हणजे तत्कालीन गव्हर्नराचे, नाव त्यास मिळाले. हवा खाण्यास येणाऱ्या गोऱ्यांची सोय झाली, मिठाला रस्ता मिळाला. पण त्याच पाण्यावरून श्रीहरिकोटाकडील जंगलाचे जळण नावा भरभरून शहराच्या चुलींकडे गेले. ज्या झाडीला धरून शतावरी वर चढते ती अशी सरपणाच्या भावाने विकली गेली, आणि तिच्या जागी सुरूची बने, मिठागरे व पुढे वेडी बाभूळ आली.

आता व्हरांड्यातील मॅकओवनी या पाहुण्या झुडपाची लागवड. एन्नोरसारख्या ठिकाणी दोन गोष्टींचे भय: मचूळ पाणी आणि दुपारचे ऊन. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने सुयांची टोके प्रथम पिवळी, मग तपकिरी होतात. म्हणून साठविलेले पावसाचे पाणी मिळेल तर तेच द्यावे. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली तिला मानवते. माती वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळून भुसभुशीत ठेवावी. नवखा माणूस पाणी घालून घालून तिला मारतो, कारण मुळ्यांतील कोठार त्याला दिसत नाही. बी एक दिवस भिजवून पेरले तरी उगवण्यास कित्येक आठवडे लागतात. त्यापेक्षा गड्डा सुरीने चिरून प्रत्येक भागास मुळ्या व कोंब राहतील असे वाटे करणे सोपे. जुनी खोडे मधोमध न छाटता बुडाशी कापावीत, अन्यथा वाळका खुंट तेवढा मागे राहतो. आणि दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलण्याचा आळस करू नये. आत फुगलेल्या मुळ्या मातीची कुंडी खुशाल फोडतात.

कुतूहलापोटी मी एकदा या पाहुण्यांच्याच पंक्तीला, त्याच मापाच्या कुंडीत, रानातली शतावरी लावून पाहिली. काठीचा आधार देताच ती चढली, आणि पाऊस ओसरताना बारीक पांढऱ्या फुलांनी अशी काही लगडली की संध्याकाळी व्हरांडाभर वास दरवळला. शेजाऱ्यांनी कोणत्या रोपवाटिकेतून आणली म्हणून चौकशी केली. बागेत कामाला येणारा म्हातारा माळी, जो एन्नोरच्याच बाजूचा होता, तो मात्र कुंडीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि हसून म्हणाला, “तण्णीर्विट्टान! हिला कशाला हो कुंडी?”