तलवारीची रीत आणि आपल्या लेकी



नवरात्रात तुळजापूरला आईची भवानी तलवार अलंकार पूजा बांधतात. आई शिवरायांना तलवार देते, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण तलवार धरण्याची रीत मुलखामुलखात वेगळी असते. आज त्याबद्दल बोलू.

आपला दांडपट्टा बघा. हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो. मनगट वळत नाही, म्हणून अख्खा हात फिरवूनच वार करावा लागतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात आजही पट्टा फिरतो, तो शस्त्राला नमस्कार करूनच. मराठ्यांची फिरंगी तलवार तर दोन मुलखांची: पातं युरोपातलं, मूठ इथली.

जपानचे सामुराई तलवार धार वर करून कमरेला खोचत. कुणाकडे बसताना ती काढून उजव्या बाजूला ठेवत. तिथून ती झटकन उपसता येत नाही. म्हणजे मनात वैर नाही, हे न बोलता कळायचं. 1876 साली तिथल्या सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केली. विद्या मात्र ‘केंडो’ खेळात टिकली. बांबूच्या तलवारीने खेळतात, आधी आणि नंतर वाकून नमस्कार करतात. गुण मिळाला म्हणून नाचलं, तर तो गुण रद्द होऊ शकतो!

युरोपात मानापमानावरून द्वंद्व व्हायचं, दोन्हीकडचे साक्षीदार हजर असत. त्यातूनच आजचा तलवारबाजीचा खेळ आला. पातं चेहऱ्यासमोर उभं धरून समोरच्याला आणि पंचाला सलामी द्यायची, मगच लढत. ऑलिंपिकमध्ये बायकांना हा खेळ 1924 साली खुला झाला.

म्हणजे रीत वेगळी, शिकवण एकच: हातात धार आहे, तर आधी मान झुकव.

आपल्या देशातून ऑलिंपिकच्या तलवारबाजीत पहिल्यांदा उतरली ती एक मुलगीच, चेन्नईची भवानी देवी. 2021 साली टोकियोत तिने पहिली लढत 15-3 अशी जिंकली. सुरुवातीला तिने बांबूच्या काठ्यांवर सराव केला होता. तिच्या खेळासाठी आईने दागिने गहाण ठेवले होते.

मैत्रिणींनो, बचत गटातून आपण लेकीच्या लग्नासाठी कर्ज काढतो. तिच्या खेळाच्या बुटांसाठी कितीजणींनी काढलं? खंडेनवमीला आपण विळा-कोयता पुजतो. तलवार हाती असलेल्या आईला हात जोडतो. मग लेक मैदानावर निघाली, की तिला दारात का अडवायचं? पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.